बाईंचे उपवास

ताटावर आडवा हात धरून "मला उपवास" म्हणणाऱ्या माणसाने अर्धं जग जिंकलेलं असतं. गावच्या शाळेतल्या बाईंनी ते सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी असं हप्त्याहप्त्याने जिंकलं होतं. नव्वदच्या दशकात वारूळवाडीत आमच्या खोल्या शेजारी होत्या. मधे एकच भिंत, तीही पातळ.

एकदा शाळा सुटून बाई घरी आल्यावर मी त्यांच्याकडे साखर मागायला गेले. बाई खांद्यावरची पर्स न काढता उभ्यानेच खात होत्या. शेव संपली, मग चिवडा, मग शिळ्या पुऱ्या, मग नुसता गूळ. मला पाहून हात थांबला नाही, डोळे मात्र भरले.

"भूक नाही हो ही. मुख्याध्यापक सगळ्यांसमोर बोलले ना, तो राग चावतेय."

दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून त्यांनी आणखी एक वार धरला. गुरुवार असाच वाढला होता. उपवास केला की डबा फस्त, डबा फस्त झाला की उपवास.

शेवटी बाई दाखवायला गेल्या तेव्हा नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आधी उपवास सोडा. तीन वेळा नीट जेवा. हात डब्याकडे गेला की आज काय झालं ते कुणाला तरी सांगा."

बाईंनी सोमवारांचं उद्यापन करायचं ठरवलं. गल्लीतल्या बायका जमल्या, पुरणपोळी जेवल्या, आणि हात धुता धुता एक म्हणाली, "बाई, तुमचं बघून आमी धरतो. तुमीच सोडलं तर कसं व्हायचं? आता वर्षभर शनिवार धरा."

"बरं," बाई म्हणाल्या. नाही म्हणणं त्यांना शाळेतही जमत नसे.

मग त्या माझ्याकडे जेवू लागल्या. दार लावून. भाकरी, वरण, एक पालेभाजी. आधी चोरून डबे खायच्या, आता चोरून जेवण.

डब्याकडे हात गेला की भिंतीवर टकटक होई.

"आज काय झालं, बाई?"

"भावाचं पत्र आलंय. ये म्हणून लिहिलंच नाही."

आम्ही भिंतीतून बोलत राहायचो. कधी झाकण वाजायचंच, पण दोन मुठींवर थांबायचं. वर्षभरात वाजायचं जवळजवळ थांबलं.

"एकदा पंगतीत बसून वरणभात खायचाय मला," त्या म्हणायच्या. "सगळ्यांसमोर. कुणी 'अगंबाई' म्हणायला नको."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचा कार्यक्रम नेमका अंगारकीला आला. शाल, श्रीफळ, ओझरचा प्रसाद. पाहुणे म्हणाले, "अन्नाचा मोह जिंकलेली अशी स्त्री तालुक्यात दुसरी न्हाई." टाळ्या लई वेळ वाजल्या. समोर साबुदाण्याची खिचडी आली, तेव्हा बाईंनी ताटावर आडवा हात धरला. सभागृह आणखी भारावलं.

पोटात जागा नव्हती. निघायच्या आधी त्या माझ्याकडे दोन भाकरी आणि वांग्याची भाजी जेवल्या होत्या.