सगळ्यांचे हात लागलेली भिंत

मुंबईच्या कलाशाळेचा डिप्लोमा घेऊन मी रत्नागिरीला परतलो, तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं आणि माझा स्वतःबद्दलचा गैरसमज अगदी ताजा होता. थोरल्या भावाने मुंबईत एका कचेरीत माझ्यासाठी नकाशे काढायची नोकरी बघून ठेवली होती. मला ती नको होती. दिवाळीपर्यंत इथे राहून चित्रांवर पोट भरून दाखव, नाहीतर मुकाट्याने ये, असं त्याने बजावलं. म्हणून मांडवीच्या वाडीतली कमिटी जेटीच्या वाटेवरची लांबलचक भिंत रंगवून घेणार आहे हे कळताच मी धावत गेलो. अध्यक्षांनी काम दिलं. मजुरीचं विचारलं तर म्हणाले, "आधी काम तर होऊ दे. तुला काय आम्ही उपाशी ठेवणार?" तेवढ्या बोलण्यावर मी हुरळून घरी आलो.

माड आणि होड्या काढून मोकळा झालो असतो तर ही रडकथा लिहायची वेळ आली नसती. पण कलाशाळेतून एक खूळ डोक्यात घेऊन आलो होतो: चित्र लोकांना दाखवायचं नसतं, लोकांकडून काढून घ्यायचं असतं. मी घरोघर हिंडून आमंत्रणं दिली. या, भिंत तुमची आहे, तुम्हीच रंगवा.

आणि आले की लोक! होड्या रंगवून उरलेले ऑइलपेंटचे डबे घेऊन आले. प्रत्येक घराच्या होडीचे रंग ठरलेले, त्यात दुसऱ्याने बोलायची सोय नव्हती. बायकांनी गौरीची पावलं भिंतीवर उभी चढवली. दुबईहून सुट्टीवर आलेल्या एका खलाशाने आपलं जहाज काढलं आणि डेकवर स्वतःला उभं केलं, जहाजाएवढं. मी शिड्या हलवत होतो, ओघळ पुसत होतो, कुणाची होडी कुणाच्या जागेत घुसली यावरची भांडणं सोडवत होतो, आणि एवढे भडक रंग एकमेकांना खाऊ नयेत म्हणून मधल्या जागा भरत होतो. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला पुढे कुठल्याच चित्राने दिला नाही. त्याचाच जास्त राग येतो.

काम संपलं तेव्हा भिंतीपाशी छोटा समारंभ झाला. अध्यक्षांनी गावाने एकदिलाने केलेल्या कामाबद्दल सगळ्यांचे आभार मानले आणि सगळ्यांबरोबर माझ्याही हातात नारळ ठेवला. पांगापांग सुरू झाल्यावर मी मजुरीचं विचारलं. ते खरोखरच गोंधळले. माणूस लबाड नव्हता. लबाड असता तर मला भांडता तरी आलं असतं.

"अरे, गावकामाचे कुणी पैसे घेतं का? देवळापुढे मांडव घालतात, विहिरीचा गाळ काढतात, त्यांना कधी दिले? सगळ्यांचे हात लागले, म्हणजे ते गावाचं झालं."

हा रिवाज मला ठाऊक नव्हता असं नाही. मांडवाचे वासे मीही वाहिले होते. माझं चित्र त्या वाशांत जाऊन बसेल, हे मात्र मनातही आलं नव्हतं. मी आवाज चढवला. कल्पना माझी, मेहनत माझी, असं बरंच काही बोललो. भिंतीवर सगळ्यात देखणी पावलं काढणारी मासेवाली अजून तिथेच होती. ती पुढे आली.

"पोरा, तू पैशे घेणार? मंग मी रंग लावला त्याची मजुरी कोन देणार? तू बोलावलंस म्हनून बाजार सोडून आलंय मी."

आजूबाजूचे माना डोलवायला लागले. मी नारळ घेऊन घरी आलो.

त्याच भिंतीच्या कोपऱ्यात कमिटीच्या सभासदांची नावं लिहायला बाजारातला एक पाट्या रंगवणारा आला होता. एका सकाळीत नावं लिहून तो रोख पैसे घेऊन गेला. त्याने एकट्याने केलं होतं, म्हणून ते काम होतं. मी आधी त्याच्यावर जळफळलो, मग त्याच्याच दुकानात जाऊन उभा राहिलो. त्याने मला हमरस्त्यालगतच्या भिंतींवर खताच्या जाहिराती रंगवायला लावून दिलं. दिवाळीला भावाला सांगितलं, चित्रांवर पोट भरतंय. तो खूश झाला.

पुढच्या उन्हाळ्यात हातखंब्याजवळ एका भिंतीवर खताची गोणी रंगवत होतो. मांडवीचा एक म्हातारा तांडेल तिथे एस्टीची वाट बघत उभा होता. आमच्या भिंतीवर त्याने आपली होडी काढली होती. मला ओळखून तो हसत जवळ आला आणि डब्यावरचा ब्रश उचलला.

"दे, ही कडा मी मारतंय. आता हात बसलाय माझा."

मी ब्रश काढून घेतला. "नको. हे पोटाचं काम आहे."

त्याला राग आला नाही. त्या गोणीकडे बघत तो साधेपणाने म्हणाला, "मंग आमच्या वांगडा, सगळ्यांनी मिळून केलंस, ता काम कसला होता?"

तेवढ्यात एस्टी आली, आणि मला बरं वाटलं.