पिन बसली म्हंजे झालं काय?

पिन बसली की वायर चालते, हा चंद्रभानचा ठाम सिद्धांत. घरच्या चार्जरची वायर उंदरानं कुरतडली, तर यानं शेतातल्या टॉर्चची वायर पोरीच्या, रागिणीच्या मोबाइलला खुपसली अन् निवांत झाला. घ्या आता! पोरीची चार वाजता व्हिडिओवर मुलाखत, अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्सच्या नोकरीची. पहिलीच. अन् दोन तास लावूनही फोन अकरा टक्क्यांवरून हलेना.

"बाबा, चार्जिंग चढूनच नाई राह्यली!" रागिणी रडकुंडीला आली.

चंद्रभाननं पोरीला गाडीवर बसवलं, चार्जर खिशात कोंबला अन् थेट दर्यापूर गाठलं, शकुनच्या मोबाइल दुकानात. शकुन माळ्याची लेक. आई भाजी विकायची. ही बंद पडलेले फोन खोलून-खोलून धंदा शिकली. बोलायला फटकळ, पण हाताला भारी गुण.

"चंद्रभानभाऊ, पिन बसली म्हंजे झालं काय? ही वायर टॉर्चपुरती. हिच्यातून करंट येते थेंबथेंब, अन् व्हिडिओ पेते घटाघटा!"

तिनं चार्जरवरची बारीक अक्षरं वाचली. एक जाड वायर काढली, मधे छोटं मीटर लावलं, आकडा पाहिला अन् वायर बाजूला फेकली. आई भेंडी मोडून पाहायची, तशी ही वायर पारखत होती. तिसरी लावली तेव्हा आकडा टणकन वर गेला.

"ही खरी. आता बोलता-बोलताबी चार्जिंग वाढन."

पण पावणेचार झाले होते, अन् गाव अर्ध्या तासावर. शकुननं घड्याळ पाहिलं, रागिणीला आपल्या खुर्चीवर बसवलं, पंखा लावून दिला अन् शटर अर्ध्यावर ओढलं. बाजाराचा दिवस होता हो! तरी ही बाई चंद्रभानसोबत बाहेर पायरीवर बसून राहिली.

गिऱ्हाइकं येत होती. "दुकान काहून बंद?"

"पोरीची मुलाखत चालू हाय."

"कोणाच्या पोरीची?"

"आमच्या!" शकुन खेकसली. "हळू बोला जरा."

चंद्रभाननं मान खाली घातली. एक कव्हर काय ते त्यानं या दुकानातून नेलं होतं, तेही घासाघीस करून. अन् ही बाई म्हणते, आमच्या!

अर्ध्या तासानं रागिणी शटरखालून वाकून बाहेर आली. "सोमवारी रुजू व्हा म्हणे!" एवढं बोलली अन् आधी शकुनच्या पाया पडली, मग बापाच्या. चंद्रभानला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. हेच बरोबर होतं.