तलवारीच्या पाठीवरची खाच

तुम्हाला सांगावं की नाही, हे मी बरेच दिवस ठरवत होते. पण आमच्या महाळुंगे पडवळमध्ये ते सगळ्यांना ठाऊक झालंय, मग तुमच्यापासून लपवून काय मिळणार? चहा निवायच्या आत सांगून टाकते. फक्त हसू आलं तर माझ्याकडे बघून हसू नका, कपात बघून हसा.

आमच्या देव्हाऱ्याच्या वर भिंतीला एक तलवार टांगलेली असते. सरळ, लांब, म्यानात घातलेली. माझे सासरे, म्हणजे आबा, तिला वर्षातून एकदा खाली घेतात, खंडेनवमीला. तेल लावायचं, झेंडू वाहायचे, परत खुंटीला. एरवी तिला कुणी हात लावायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला हा नियम सांगितला होता. गॅस कसा पेटवायचा ते दुसऱ्या दिवशी.

त्या तलवारीला एकच उणं होतं. तिला गोष्ट नव्हती. पलीकडच्या आळीत आमचे चुलत सासरे राहतात, तात्या. त्यांच्या वाकड्या तलवारीला गोष्ट आहे आणि ती ते लग्नात, बारशात, दहाव्यात, कुठेही सांगतात. वर आबांना म्हणायचे, "तुमची तलवार म्हंजे आमच्या सुनंचा डिनर सेट. पुसायचा आन् काचंमागं ठेवायचा. जेवलंय का कुणी त्यात?"

आबा एवढंच म्हणायचे, "आमच्या आज्यानं सांगितलंय, आपला माणूस लढला. कुठं लढला ते म्हाताऱ्याला आठवत नव्हतं, एवढंच."

आता भाद्रपदातली ती सकाळ. आमचे हे टोमॅटोची क्रेट घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेलेले. आबा देवळात. मी बादली घेऊन धार काढायला गोठ्याकडे गेले, तर आतून आवाज. आधी फडफड, मग काहीतरी घासल्यासारखं. वासरू हंबरत होतं. दारातून वाकून बघितलं. कोपऱ्यात काळं काहीतरी हलत होतं आणि मध्येच चमकत होतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या मळ्यातून बिबट्यानं कुत्रं उचललं होतं. आमच्याकडे आता उसात शिरायच्या आधी माणसं खोकतात, टाळ्या वाजवतात, मोबाइलवर भजन लावतात. तर मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजा. आणि ते वासरू मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं, त्याची आई वेतातच गेली होती.

काठी कुठे? गोठ्यात. कोयता? गोठ्यात. वासरूही गोठ्यातच. मग घरात उरलं काय?

ओरडायला हवं होतं, शेजारी फोन करायला हवा होता, हे तुम्हाला सुचतंय. मलाही सुचलं. पण दुपारी.

स्टुलावर चढले. देवांना म्हटलं, थोडा वेळ तिकडे बघा. तलवार उपसली. मूठ इतकी बारीक, की आमच्या ह्यांचा हात मावला नसता, माझा बरोब्बर बसला. उजव्या हातात तलवार आणि डाव्या हातात दुधाची बादली, ढाल म्हणून. अशी मी गोठ्यात गेले.

मी आत पाऊल टाकलं आणि ते काळं जे होतं ते सरळ माझ्या अंगावर उठलं. मी डोळे मिटले आणि तलवार डोक्यावर जेवढी नेता येईल तेवढी नेली.

खण्ण.

कोपरापर्यंत हात बधिर झाला. तलवार खाली आलीच नाही, कारण ती वर जाऊन आदळली होती. आमचा गोठा पत्र्याचा, ठेंगणा. दारातून दोन पावलांवर डोक्याशी एक लोखंडी अँगल आडवा गेलाय. दाराला लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट आबांनी स्वतः त्याला फासलेला. आणि तो काळा बिबट्या माझ्या तोंडावर येऊन चिकटला. टोमॅटोच्या वाफ्यावरचा जुना मल्चिंग पेपर. एका बाजूनं काळा, दुसऱ्या बाजूनं चंदेरी. गुंडाळी सुटून वाऱ्यानं उडत होता. वासरू कोपऱ्यात अंग चोरून माझ्याकडे बघत होतं, बिबट्याकडे बघावं तसं.

पेपरला ओरखडासुद्धा नव्हता. तलवारीच्या पाठीवर मात्र टोकापासून चार बोटांवर खाच पडली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. धारेच्या बाजूला नाही हो, उलट्या बाजूला. म्यानात घातली, खुंटीला टांगली, आणि धार काढायला बसले. आमच्या दुसऱ्या गाईनं त्या दिवशी दूध कमीच दिलं.

महिन्याभरानं खंडेनवमी आली. आबांची नजर आता कमी झालीय, पण अंगठा पक्का. तेलाचं बोट पाठीवरून फिरवताना थांबले.

"सुमन, इथं खाच हाय."

मी नैवेद्याच्या ताटाकडे बघत राहिले.

"इतकी वर्सं कशी लागली न्हाई हाताला? खाच हाय म्हंजे घाव बसलाय. म्हंजे आपला माणूस लढला." त्यांचे डोळे भरून आले होते. अशा वेळी मी काय सांगणार?

त्यांनी लगेच तात्यांना बोलावणं धाडलं. तात्यांनी चष्मा लावला, तलवार उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "आबा, खाच पाठीवर हाय. पळताना तलवार खांद्यावर टाकलेली आसंल. मागनं कुणीतरी हाणली."

आबांनी तलवार म्यानात घातली. त्या दिवशी ते पुरणपोळी खायला बसले नाहीत.

पुढे ते पारावर जायचेच बंद झाले. तिथे तात्या असतात. संध्याकाळी एकटेच ओट्यावर बसायचे. एकदा वाढताना मी धीर केला, "आबा, ती खाच..."

"तिचं नाव काढू नको," आबा म्हणाले. "आज्यानं मला खोटं का सांगितलं आसंल, त्येच कळंना."

तुम्हीच सांगा, हे ऐकून घास उतरतो का? मी न पाहिलेल्या माणसाला, माझ्याच घरच्या पूर्वजाला, पळपुटा करून ठेवलं होतं. आणि सांगायला म्हणून ओट्यावर गेले, की चहाचा कप ठेवून परत यायचे.

शिवजयंतीला गावच्या मंदिरापुढे मांडव घालून तलवारींचं प्रदर्शन ठरलं. माहिती सांगायला नारायणगावचे एक निवृत्त सर आले होते, शस्त्रांचा नाद असलेले. जुन्नरहून रशीदभाई आले. ते शिकलगार, घराण्याचा धंदा तलवारींना धार लावायचा. आता कात्र्या आणि कोयते येतात. टेबलावर तीन तलवारी मांडल्या होत्या. आमची, तात्यांची, आणि रशीदभाईंनी आणलेली एक आखूड, रुंद पात्याची. आबा यायला तयार नव्हते. मीच हाताला धरून नेलं.

सर शांतपणे सांगत होते. "या तिन्ही एका हातानं चालवायच्या. दुसऱ्या हातात ढाल असते, नाहीतर लगाम. पण प्रत्येकीचं काम वेगळं. ही सरळ, लांब, हिला धोप म्हणतात. घोड्यावर बसलेला माणूस उंचावर, शत्रू लांब, तिथं लांब पातंच पोचतं, भोसकायलाही बरं. ही वाकडी, ओढून कापणारी, गर्दीत चांगली. आणि ही आखूड, किल्ल्याच्या दिंडी दरवाजात, जिन्यात, जिथं हात वर करायला जागा नसते तिथली."

हात वर करायला जागा नसते तिथली. मला आमचा गोठा दिसला.

तात्या म्हणाले, "सर, त्या धोपंच्या पाठीवरची खाच सांगा की."

आबांनी मान खाली घातली. सरांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पळणाऱ्याची नाही ही. पटाईत माणूस समोरचा घाव धारेवर घेत नाही, धार जाते. तो मनगट फिरवून पाठीवर घेतो. हा मोठा जाणकार असणार."

पाच महिन्यांत पहिल्यांदा आबा ताठ बसले. तात्यांनी चष्मा काढून पुसला. मी ठरवलं, आता ही गोष्ट माझ्याबरोबर सरणावरच जाईल.

तेवढ्यात सर म्हणाले, "घरातलं कुणी हात वर करून दाखवता का? घाव कसा अडवला ते लोकांना कळेल."

"माझे गुडघे न्हाईत चालत. आमची सून दाखवंल," आबा म्हणाले. "सुमन, धर."

"आबा, मी नको. नियम आहे घरचा."

"आज सोडला नियम."

त्यांचा चेहरा इतका उजळलेला, की माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही. तलवार घेतली. सर म्हणाले, "हां ताई, डोक्यावर न्या."

मी नेली.

खण्ण.

मांडवाचा आडवा पाइप. निळा रंगवलेला. एकदा हात पोळूनही मी वर बघितलं नव्हतं.

सरांनी तलवार घेतली आणि पुन्हा भिंग लावलं. पहिल्या खाचेशेजारी, अर्ध्या बोटावर, तेवढीच दुसरी खाच. रशीदभाईंनी अंगठा फिरवला, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "सर, पाठीवर खाच दोघांच्या तलवारीला पडते. एक, लई पटाईत आसंल त्याच्या. दुसरा, जागा न बघता हात वर करंल त्याच्या. ह्या नव्या खाचेत निळा रंग लागलाय. आन् जुनीच्या बुडाशी हिरवा हाय. त्या येळी ऑइलपेंट व्हता का?"

"हिरवा?" आबा म्हणाले. त्यांनी तो रंग स्वतःच्या हातानं लावला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग मी सगळं सांगितलं. वासरू, स्टूल, बादली, मल्चिंग पेपर. तिथेच, माइक चालू असताना.

कुणी हसायच्या आत आबा उठून उभे राहिले. "म्हंजे तात्या, आमचा माणूस पळाला न्हाई."

"पण लढला तरी कुठं?"

"त्ये न्हाई म्हाईत. पण पळाला न्हाई. खाच सुनंची हाय."

रशीदभाई म्हणाले, "आणा इकडं, दोन्ही खाचा घासून देतो."

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "आता तिला गोष्ट हाय."

सरांनी आमच्या तलवारीखालच्या माहितीच्या चिठ्ठीवर गंभीरपणे एक ओळ वाढवली, 'ठेंगण्या जागी वापरू नये.'

आता लग्न असो, बारसं असो, तात्यांच्या आधी आबाच सुरू करतात. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथून जात असले तर मला थांबवून, उभी करून, सांगतात, "आमच्या घराण्यात तलवार दोनदा उपसली एवढं पक्कं ठावं हाय, पावणं. दोन्ही येळा ह्या सुनंनं. आन् दोन्ही येळा छतानं हरवलं तिला."