उघाडीवरच्या वन्सं

ईशा, निमिष,

परवा आपल्या घरच्या ग्रुपवर तुम्ही तो जुना व्हिडिओ पुन्हा टाकलात. आत्याआजी बांधावरून घसरते, चिखलात बसकण मारते आणि वर बघून शिव्या घालते. त्याखाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तिला जाऊन वर्ष झालं म्हणून आठवण काढलीत, प्रेमानंच काढलीत, हे मला कळतं. तरी मला राग आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. ती घसरल्यानंतर काय झालं ते कुणी टिपलेलं नाही, पण मी पाहिलं आहे. तुमच्याकडे तिचं फक्त घसरणं राहावं, हे मला चालणार नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. आयुष्यभर शाळेत मी इंग्रजीच शिकवलं. पण ती मराठीत रागवायची. अडेल तिथे बाबाला विचारा.

तुमची आत्याआजी ही तुमच्या आजोबांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. त्यांना 'जपून' हा शब्द खपत नसे. एकदा आम्ही बाजारातून रिक्षानं आलो. रिक्षावाला बिचारा चांगुलपणानं म्हणाला, "आजी, जपून उतरा." वन्सं एक पाय खाली टाकून होत्या, त्यांनी तो परत आत घेतला. "उतरतच नाही. ने मला परत बाजारात." त्यांना खाली उतरवायला मला त्या माणसाकडून माफी मागवून घ्यावी लागली. घरात कुणी म्हटलं, दवाखान्यात कुणी म्हटलं, तरी उत्तर एकच. "जपायला मी काय लोणचं आहे? घाला बरणीत आणि बांधा वर फडकं!"

आपल्या घरामागची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरलं की खाडीचा बांध लागतो. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तो घातलेला आहे. त्या बांधात एक दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तोवर दार मिटलेलं राहतं. ओहोटीला खाडी खाली गेली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं ते आपोआप उघडतं आणि पाणी धो धो बाहेर पडतं. त्याबरोबर कोलंबी येते, बारीक मासळी येते, आणि बाहेरच्या भोवऱ्यात तिची वाट बघत जिताडा उभा असतो. तुमच्याकडे ज्याला बास म्हणतात, त्याचा हा आपल्या खाडीतला भाऊबंद.

वन्सं परकरी वयापासून तिथं गरवायला जात. गरवायचं म्हणजे गरी, म्हणजे गळ, टाकून मासा धरायचा. काठी नाही, चक्र नाही. रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे गरीचा चिवट दोरा, त्याच्या टोकाला शिसं आणि गरी, गरीला जिवंत कोलंबी. तर्जनीला चिंधी बांधायची आणि तंगूस तिच्यावरून सोडायचा. काय ते बोटालाच कळायचं. मुलीच्या जातीनं बांधावर बसणं घरात कुणाला पसंत नव्हतं. "आई आधी मला धपाटा घालायची," वन्सं सांगत, "आणि मग जिताड्याला हळद-मीठ लावायची."

लग्न होऊन त्या गिरगावात गेल्या आणि सगळं आयुष्य तिकडेच गेलं. चौपाटी पायाखालची, पण त्या समुद्राबद्दल त्या फार तुच्छतेनं बोलत. "तो नुसता बघायचा गो, मालू. शोकेसमधल्या कपबशीसारखा." यजमान गेल्यावर त्या माझ्याकडे राहायला आल्या. तुमचे आजोबा आधीच गेलेले; आम्ही दोघीच. ट्रंक खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "उघाडी आहे ना जाग्यावर?"

उघाडी होती. मधल्या काळात बांधाची दुरुस्ती होऊन लाकडी दाराच्या जागी लोखंडी दार बसलं होतं, एवढंच. वन्संनी ते बघितलं, "रंग बरा दिलाय" म्हणाल्या आणि बसल्या. वेळ त्यांच्या अंगात मुरलेली होती. पुनवेला आणि अवसेला दुपारची जेवणं आटोपली की पाणी उलटतं. तेव्हा बसायचं आणि चहाच्या वेळेला उठायचं. बापजाद्यांपासून बांधावर सगळ्यांची हीच वेळ. "जिताडा चहाला थांबत नाही," असं त्या ऐटीत सांगत.

पण जिताडा चहाच्या आधीही येईना. दाराच्या फटींतून पाणी नुसतं पाझरायचं. हमीदचाचा त्यांच्या लहानपणापासूनचा शेजारी. तो जाळं खांद्यावर टाकून जाता जाता म्हणायचा, "बाय, कशाला बसतेस? नवा दरवाजा बसला आणि जिताडा गेला. ही उघाडी मेली."

"तू मेलास तरी उघाडी मरायची नाही," वन्सं म्हणत. चाचा हसत हसत निघून जायचा.

त्याला असं सुनवायच्या, पण घरी येऊन त्या आपलं बोट निरखत बसायच्या. शिसं बदललं, गरी बदलली, चिंधी सोडून उघड्या बोटावर तंगूस घेऊन पाहिला. "पूर्वी कोलंबी दचकली तरी कळायचं," एकदा मला म्हणाल्या. "आता बोट म्हणजे नुसतं लाकूड."

त्या दिवाळीला त्यांचा मुलगा सुहास पुण्याहून आला. आईची मजा बघायला मोबाइल घेऊन बांधावर गेला. वन्सं रिकाम्या हातानं, वैतागून उठत होत्या. सुहास ओरडला, "आई, जपून!" त्याच्यावर खेकसायला त्या गर्रकन वळल्या आणि पाय सटकला. तो शब्द तुमच्या व्हिडिओत नाही. त्यानंतरचं सगळं आहे.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळीकडे पोचला होता. 'किती क्यूट!' असं कुणी लिहिलं, 'आजी रॉक्स' असं कुणी लिहिलं. माणूस सत्तरी ओलांडून चिखलात पडला की गोड होतो, हे मला तेव्हा कळलं. वन्संनी तो व्हिडिओ माझ्या फोनवर पाहिला. एकदाच. मला वाटलं, आता फोन भिंतीवर आपटतील. त्यांनी तो नीट माझ्या हातात दिला. "हात गेला गो, मालू," म्हणाल्या आणि बाटली माळ्यावर टाकायला लावली.

नंतर त्या बांधावर गेल्या नाहीत, तेही मी सोसलं असतं. पण त्या रागवायच्या थांबल्या. दूधवाल्यानं पाणी घातलेलं दूध दिलं, घेतलं. टीव्हीवर काहीही लागलेलं असो, बघत बसल्या. शेजारच्या बायका म्हणाल्या, संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन बसा, हवा खा, तर गेल्या आणि हवा खाऊन आल्या. एके दिवशी मी पाखाडीनं खाली उतरत होते. मागून आवाज आला, "जपून हं, मालू." मी वळून बघितलं तर वन्संच. मला त्या क्षणी जी भीती वाटली ती डॉक्टरांच्या कुठल्याच रिपोर्टानं वाटली नव्हती.

शिमग्याला सुहास परत आला, या खेपेला आईला न्यायला. "मामी, तिकडे लिफ्ट आहे, ज्येष्ठांचा कट्टा आहे. उद्या सकाळी निघतो आम्ही." वन्सं आत मुकाट्यानं पातळांच्या घड्या करत होत्या. मी काही बोलले नाही म्हणून त्याला वाटलं मला पटलंय. समजावणीच्या सुरात म्हणाला, "आणि इथं आता उरलंय काय? हमीदचाचाच म्हणत होते, उघाडी मेली."

आतून आवाज आला. "कोण मेली?"

"अगं आई, ती तुझी..."

वन्सं बाहेर आल्या. हातात अर्धी घडी. "हात माझा मेला असेल. उघाडी कशी मरेल रे? भरती येते, ओहोटी येते, आत पाणी आहे, पाण्यात कोलंबी आहे. मासा काय पुण्याला गेला? मालू, बाटली काढ."

मी शिडी न शोधता स्टुलावर चढले. जेवणं नुकतीच झाली होती आणि पुनव होती.

वाटेत वन्संनी हमीदचाचाकडून मूठभर जिवंत कोलंबी जवळजवळ हिसकावून घेतली. मी बादली आणि दांड्याची जाळी घेऊन मागोमाग. बसल्या. पाणी फटींतून पाझरत होतं, नेहमीसारखंच. तंगूस हलला नाही. ऊन तोंडावर आलं. चहाची वेळ झाली तेव्हा सुहास स्वच्छ बूट घालून बांधावर आला.

"आई, चहा निवतोय."

"पी तूच."

"हट्ट करू नकोस ना. दिसतंय की काही नाही इथं."

"तू जा. तू गेल्याशिवाय मी उठत नाही."

हे तुम्ही नीट लक्षात घ्या. मासा मिळेल म्हणून त्या बसल्या नव्हत्या. मुलाच्या आधी उठायचं नाही म्हणून बसल्या होत्या. त्यांची उठायची वेळ टळली ती निव्वळ रागानं. सुहासला ऑफिसचा फोन आला आणि तो बोलत बोलत बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

तेवढ्यात दार कण्हलं. खालून पाण्याची एक जाड धार निघाली, मग लोखंड वर उचललं गेलं आणि आतलं सगळं पाणी एकदम उसळून बाहेर आलं. कोलंबी फेसावर टणाटण उडत होती. वन्सं तोंड उघडं ठेवून बघत राहिल्या.

"आत्ता? आत्ता उघडतंय हे?" मग माझ्याकडे वळल्या. "लाकडाचं दार हलकं होतं गो. खाडी जरा खाली गेली की उघडायचं. हे लोखंड! हे उचलायचं तर खाडी पार खाली जायला हवी. दार बदललं मेल्यांनी आणि वेळ बदलली, आणि मी इथं माझ्या बोटाला नावं ठेवत बसले!"

आणि मग त्या रागावल्या. दार बसवणाऱ्यांवर, हमीदचाचावर, सुहासवर, चहावर, स्वतःवर, माझ्यावरही. हे सगळं तोंडानं चालू असताना हात नवी कोलंबी लावत होते. शिसं भोवऱ्याच्या कडेला बरोबर पडलं. बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या. "दचकली," हळूच म्हणाल्या. "कोलंबी दचकली. कळलं मला."

पुढच्या क्षणी तंगूस सुसाट निघाला. जिताडा पाण्याबाहेर उभा उसळला, जबडा फाकलेला, कल्ले फुगलेले, सबंध अंग झटकत. वन्संनी सोडला, ओढला, पुन्हा सोडला. चिंधीतून रक्त आलं. "जाळी, मालू, जाळी! उभी काय राहिलीस दीपमाळेसारखी?" मी इस्त्रीच्या साडीनिशी गुडघाभर चिखलात उतरले. तो जाळीत आला तेव्हा माझ्या हाताएवढा लांब होता. कल्ल्याला बोट लावायचं नाही, ब्लेडसारखा कापतो, हे त्यांनी मला ओरडूनच शिकवलं.

सुहास धावत आला. "बाप रे! आई, थांब, तसाच धर, फोटो काढतो."

वन्संनी मासा बादलीत घातला आणि वर पदर टाकला. "चिखलात बसले तेव्हा काढलास ना? तेवढा पुरे. उद्या तू जा पुण्याला. आणि वाटेत जपून जा."

म्हणून त्या दिवसाचा फोटो नाही. त्यांनी तो काढू दिला नाही, आणि माझ्या मते बरोबर केलं.

त्यानंतर त्या इथंच राहिल्या. पुनवेला, अवसेला थर्मास घेऊन जात आणि चहा बांधावरच पीत. कधी मिळायचा, कधी नाही. मिळाला नाही तर खाडीला शिव्या देत घरी यायच्या, पण बोट निरखत बसल्या नाहीत. दूधवाल्याला त्यांनी दुसऱ्याच दिवशी फैलावर घेतलं होतं.

मागच्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वयाचं आहे. तरी बाराव्याला सुहास सगळ्यांसमोर म्हणाला, "खाडीच्या ओलीनं गेली आई." मी पानं वाढत होते. पातेलं खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोरच म्हटलं, "ओलीनं नाही गेली. ओलीनं ती आणखी जगली. तू नेली असतीस तर शिमग्यालाच गेली असती." तो अजून माझ्याशी मोजकं बोलतो. बोलू दे. तुम्हीही रागावलात तरी चालेल, पण तो व्हिडिओ काढून टाका.

दवाखान्यात शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, "माझ्या जागेवर हमीद बसतो का गो?" मी हो म्हटलं. "बसू दे मेल्याला. पण सांग त्याला, तिथं ओढ फार आहे. शिसं जड लाव म्हणावं." मी घरी जायच्या आधी त्याच्याकडे जाऊन सांगितलं.

बांध आहे. लोखंडी दाराचा रंग गेलाय, पण ते उघडतं. उघाडी मेली म्हणून सोडून गेलेली माणसं आता उन्हं कलल्यावर तिथं गरवायला येतात, वन्सं जायच्या त्याच वेळेला. जिताडा अजून मिळतो.