बायकोला किडनी दिली तेव्हा

बायकोचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. अमळनेरला माझं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं, म्हणजे त्यांची तार नव्याने गुंडाळायचं दुकान आहे. आठवड्यातून दोनदा ते बंद ठेवून मी तिला बसने धुळ्याला न्यायचो. चार तास ती मशीनला जोडलेली असायची. परतताना खिडकीला डोकं टेकून गप्प बसायची. आमच्याकडचा उन्हाळा, आणि तिला पाणी मोजून. तहान फारच लागली की बर्फाचा खडा तोंडात धरायची.

डॉक्टर म्हणाले, किडनी बदलता आली तर बरं. तिच्या थोरल्या भावाला शुगर निघाली. धाकट्याने फोन उचलणं बंद केलं. घाबरला असेल, मी त्याला दोष देत नाही. जळगावला दिलेली आमची मुलगी तयार होती, पण बायकोने तिला बोलूच दिलं नाही. "तिला अजून लेकरं व्हायची आहेत," एवढंच म्हणाली. मग मी कुणाला न सांगता स्वतःचं रक्त तपासून घेतलं. गट जुळला.

आईला सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "तू घरना कर्ता माणूस शे. तुले काही व्हयनं तं घर कोन दखी?"

"ती गेली तरी घर कोण बघेल, आई?"

आई उठून देवघरात जाऊन बसली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बायकोला पटवणं त्याहून अवघड होतं. धुळ्याहून परतताना बसमध्येच विषय काढला.  ती म्हणाली, "उद्या भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून तुम्ही बोललात, तर मला उलट बोलता येईल का? जन्मभर दबून राहावं लागेल."

असलं काही माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "तू उलट बोलायची थांबलीस तर मला करमायचं नाही." ती हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

मग तपासण्या सुरू झाल्या. तीस वर्षांची तंबाखू सोडली. पहिला आठवडा गिऱ्हाइकांवर खेकसण्यात गेला. एकदा चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवून न्यायची होती. तो कॅन पिशवीत घालून मी बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या म्हातारबाबांनी विचारलं, "तूप का, भाऊ?" मी मान डोलावली. बायको तोंडाला पदर लावून हसली. किती महिन्यांनी हसली होती!

ऑपरेशन नाशिकला व्हायचं होतं. तिथल्या दवाखान्यात अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या समितीने आम्हाला वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले. कॅमेरा चालू होता. "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"आहे ना. आईचा. देऊ नको म्हणून."

पहिल्यांदाच त्या खोलीतले लोक हसले.

मंजुरी मिळाली. ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तेव्हा पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. त्या वेळी पोटात गॅस भरतात, त्याने दुखतो, असं नर्सने सांगितलं. तिसऱ्या दिवशी भिंत धरत बायकोच्या खोलीच्या काचेपर्यंत गेलो. तिच्या चेहऱ्यावरचा मातकट रंग उतरला होता. मला बघून तिने पाण्याचा पेला उचलून दाखवला आणि घटाघटा पिऊन टाकला. 

घरी आलो तर आई दारातच खुर्ची टाकून बसलेली. भेटायला येईल त्याला सांगायची, "बाहेरच बठा. घरमा येवानं नही." सुनेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून पाणी उकळणं, भांडी वेगळी ठेवणं, सगळं तिने स्वतःकडे घेतलं.

बायको दिवसेंदिवस सुधारत होती. मी मात्र खचत चाललो होतो. दहा पावलं चाललं तरी दम लागायचा. जड उचलायला बंदी. येणारा प्रत्येक जण तिची चौकशी करायचा. उगाच रडू यायचं. असं होऊ शकतं हे दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी आधीच सांगितलं होतं, पण तेव्हा मी ऐकलंच नव्हतं.

एके दुपारी बायको सहज म्हणाली, "सारखं पडून राहू नका, थोडं फिरा." माझा तोल गेला. "माझ्यामुळे तू आज इथे उभी आहेस, कळलं?"

तिचा चेहरा उतरला. ती आत गेली. थोड्या वेळाने मास्क लावून परत आली आणि माझ्यासमोर दोन हात अंतरावर बसली.

"हे एकदा बोललात, मी ऐकून घेतलं. पुन्हा बोललात तर ऐकून घेणार नाही. किडनी दिली असली तरी."

मी लहान पोरासारखा रडलो. मग पोटात होतं ते सगळं सांगितलं. आता हातून काम होणार नाही, दुकान बुडेल, आपण निकामी झालो, असं वाटायचं.  दुसऱ्या दिवशी तिनेच त्या समुपदेशक बाईंना फोन लावून माझ्या हातात दिला. हळूहळू ते मळभ गेलं. तिसऱ्या महिन्यात दुकान उघडलं. आता मोटार गिऱ्हाईकच उचलून टेबलावर ठेवतं.

परवा आम्ही दोघं तपासणीला धुळ्याला गेलो होतो. दोघांचेही रिपोर्ट चांगले आले. बाहेर बाकावर शिंदखेड्याकडचा एक माणूस बसला होता. त्याची बायको आत डायलिसिसला होती. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं असावं. जवळ आला, चाचरत म्हणाला, "भाऊ, खरं सांगा. दुखतं का?"

"दुखतं," मी म्हटलं. "आणि मनही खचतं. ते आधी कळत नाही."

"मग पस्तावा होतो का?"

"नाही. एकदाही नाही."

त्याने माझा नंबर घेतला. तेवढ्यात आतून त्याला हाक आली आणि तो घाईने गेला. त्याने पुढे काय ठरवलं ते मला माहीत नाही. फोन अजून आलेला नाही.