गाठ दुसऱ्यानं बघायची

आमच्या आबांना बासष्टाव्या वर्षी एका चोवीस वर्षांच्या पोरीनं नापास केलं.

आणि त्या निकालाचा मला माझ्या बी.एड.पेक्षा जास्त अभिमान आहे.

आबा म्हणजे माझे वडील. लासुर्ण्यात ऊस, दारात दोन म्हशी, आणि स्वभाव 'मला कुणी शिकवू नका' असा.

मी बारामतीत शिक्षिका आहे. सुप्याच्या पुढं माळावर एक आउटडोअर सेंटर आहे, तिथं आमच्या शाळेचा कॅम्प होता. आबा मला सोडायला आले आणि परत जायलाच तयार होईनात. दिवसभर चढायच्या भिंतीखाली उभे, मान वर.

संध्याकाळी त्यांनी ऋतुजाला गाठलं. ऋतुजा तिथली मुख्य इन्स्ट्रक्टर, इंदापूरकडची.

"हितं वयाची काय अट हाय का?"

"नाही आबा. पण ट्रेनी म्हणून सुरुवात करावी लागते. पगार नाही. आणि परीक्षा आहे."

"मग लिवा नाव."

गावात हसं झालं. सगळ्यात जास्त हसले ते तात्या, आबांचे धाकटे भाऊ.

"दावी बांधण्यात जन्म गेला दादाचा. आता पोरीकडनं दोर बांधायला शिकतोय."

परीक्षा साधी होती. वाळूचं पोतं म्हणजे मूल समजायचं आणि ते भिंतीच्या दोराला बांधायचं.

आबांनी न बघता बांधलं. सुरगाठ. म्हशीला बांधतात ती.

जनावर दाव्यात अडकलं तर एका हिसक्यात सुटावं, म्हणून आमच्याकडं सगळे तीच बांधतात. हात आपोआप तसाच वळतो.

ऋतुजानं विचारलं, "गाठ कुणाला दाखवलीत?"

"चाळीस वर्षं बांधतोय. मी कुणाला दाखवू?"

तिनं दोरानं पोतं हातभर वर खेचलं आणि गाठीचं मोकळं टोक ओढलं. पोतं धपकन खाली.

"आबा, गाठ चुकली त्याचं काही नाही. ती शिकवता येते. दाखवली नाही म्हणून नापास. इथं आपली गाठ दुसऱ्यानं बघायची. माझीसुद्धा."

आबा घरी आले ते थेट गोठ्यात गेले. मला वाटलं, संपला विषय. आमच्या घराण्यात अपमान गिळायची पद्धत नाही.

मग एक दिवस आईचा फोन.

"तुझा बाप कॉटच्या पायाला दोर बांधतोय आन मला बघायला लावतोय. मी च्या टाकू का गाठी बघू?"

पुढच्या खेपेला आबा पास झाले. सेंटरचा हिरवा टी-शर्ट मिळाला. तो ते लेंग्यावर घालायचे. भावकीतल्या एका लग्नालासुद्धा तोच घालून गेले, तेव्हा आई त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून बसली होती.

वर्षभरानं मी पुन्हा माझा वर्ग घेऊन गेले. सहावीतली एक मुलगी भिंतीखाली रडत बसली होती. ती काही केल्या चढेना.

आबांनी तिची समजूत घातलीच नाही. स्वतः कमरेला हार्नेसचा पट्टा चढवला, दोर बांधला आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मी चढतो. माझी गाठ तू बघ."

मुलीनं डोळे पुसले. गाठ बघितली. बराच वेळ बघितली.

"आबा, टोक आखूड हाय. गाठ सुटंल."

मी मधे पडायला पुढं झाले, कारण मला माझा बाप माहीत होता.

आबांनी खाली वाकून बघितलं. गाठ सोडली. परत बांधली.

"आता?"

"आता बरोबर."

मग तिथली रीत. चढण्याआधी हे बोलल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

"बघितली?"

"बघितली."

"निघू?"

"निघा."

आबा चढून उतरले. त्यांच्या मागून ती मुलगी चढली, टोकापर्यंत.

कॅम्प संपल्यावर आबांना घरी सोडताना मी गाडीत विचारलं, "टोक मुद्दाम आखूड ठेवलं होतं ना, तिची भीती जावी म्हणून?"

"न्हाय गं. खरंच चुकलं हुतं. पोरगी हुशार हाय."

ज्या माणसाच्या तोंडून मी जन्मात 'चुकलं' ऐकलं नव्हतं, तो ते हसत हसत सांगत होता. किती मोठा झाला माझा बाप, असं मनात आलं. साठी उलटल्यावर मोठी होणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत.

आज आबांना जाऊन वर्ष झालं.

चौकात तात्यांनी फ्लेक्स लावलाय. त्यात आबा फेट्यात आहेत. मी या पोस्टखाली टी-शर्टमधला फोटो टाकतेय. ते असेच होते.

गेले ते झोपेत, कुणाला त्रास न देता. सकाळी अंगणात तात्या आणि भावकीतले लोक तिरडी बांधत होते. तेवढ्यात ऋतुजा आली. अंगावर तोच हिरवा टी-शर्ट, कॅम्प सोडून तशीच आलेली.

ती सरळ तिरडीपाशी बसली आणि एकेक गाठ हातानं चाचपायला लागली.

कुणीतरी म्हणालं, "पोरी, हे बायांचं काम न्हाय."

तात्या म्हणाले, "बघू दे तिला. दादा तिच्याकडनंच शिकला."

एका कोपऱ्याशी तिचा हात थांबला.

"तात्या, ही सुरगाठ हाय."

तात्यांनी आपल्या हातांकडं बघितलं. मग गाठीकडं.

"हाताला तीच सवय गं," म्हणाले. सोडली, आणि परत बांधली. बांधून झाल्यावर मागं सरकले, तिला बघता यावी म्हणून.

तिनं ती बघितली. मग उठून आबांच्या पायांवर हात ठेवला.

"बघितली, आबा. निघा."