लाल रंगातला अंगठा

जुईनगरच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांचा गंज काढणारे हौसेराव म्हणजे जमदग्नीचा अवतार. गंजावर पुट्टी फासणाऱ्या कारागिराची ते चारचौघांत अब्रू काढत. "आधी पत्रा खरवडून लख्ख कर, मग रंगाचं नाव काढ!" आणि काम मनासारखं झालं की गाडीच्या तळाच्या ओल्या लाल प्रायमरवर अंगठा दाबत. ती त्यांची सही.

दिवाळे कोळीवाड्यातला कुंदन त्या दुपारी जुनी फियाट घेऊन आला. "काका, ही सेकंडहँड घेतली. मासलीच्या टोपल्यांचं खारं पानी गलून तल कुजलाय."

हौसेरावांनी मॅट उचलून पटाशी लावली. पापडासारखी पुट्टी सुटली आणि खाली मूठभर भोक पडलं. खालचा आधाराचा लोखंडी पट्टाही भुसा झाला होता.

"कुठल्या गाढवानं गंजावरच थापलंय हे?"

ते पुढं खरवडू लागले आणि हात थांबला. कडेला लाल रंगात अंगठा उमटला होता, मधून आडवा चिरलेला. त्यांच्याच अंगठ्यासारखा.

त्यांना आठवलं. लेकीच्या, तेजश्रीच्या लग्नाची धांदल होती. एकाच आठवड्यात दोन फियाट उरकल्या होत्या, दोन्ही अशाच गंजावर पुट्टी थापून. एक गिऱ्हाइकाला गेली. दुसरी त्यांनी हौसेनं जावयाला दिली.

"काका, काय झालं?"

हौसेरावांनी घड्याळाकडे पाहिलं. सकाळीच लेक, जावई आणि नातू त्या गाडीतून साताऱ्याला निघाले होते. एव्हाना खंबाटकीचा घाट लागला असेल.

निघताना जावई म्हणाला होता, "मामा, खालून जरा आवाज येतोय."

आणि हौसेरावांनी बोनेटवर थाप मारली होती. "जा बिनघोर. माझ्या हातची गाडी आहे."